परदेशातील जुनी मोटार आणि आपला माणूस

(सिरोंचा येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, त्यांना नारळ व प्रशस्तिपत्र देतो आणि 'यशस्वी भव' असा आशीर्वाद देऊन घरी पाठवतो. यंदा सत्कार झालेल्यांपैकी काही मुले परदेशी जाण्याच्या तयारीत आहेत. त्यांच्यासाठी उपयोगाचे चार शब्द मी बोलावेत, अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली. मी मॅट्रिक झालेला आणि अध्यापनाची पदविका घेतलेला एक साधा प्राथमिक शिक्षक. परदेशातील विद्यापीठांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु परदेशात जुनी मोटार विकत घेण्याच्या कामी मी एकदा मोठी चूक केली आहे आणि पुढे एकदा थोडेसे शहाणपणही दाखवले आहे. त्या दोन्ही गोष्टी आज आपल्यापुढे ठेवतो. विषय मोटारीचा असला तरी तो अखेर आपल्या मंडळापर्यंत येऊन पोहोचतो, हे आपल्या ध्यानात येईलच.

आपण सिरोंचेकर मूळचेच पैलतीराची माणसे. १८६० साली हा गोदातीराचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला, त्याचा अप्पर गोदावरी जिल्हा झाला आणि सिरोंचा हे त्या जिल्ह्याचे ठाणे होते. पुढे १८७४ मध्ये आपण चांदा जिल्ह्यात गेलो आणि १९८२ साली गडचिरोली जिल्ह्यात आलो. ठाणे गेले, जिल्हा बदलला, रेल्वे तर आजतागायत आली नाही. मात्र प्राणहिता ओलांडून जाण्याची आपली सवय सुटली नाही. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही, अशी आपली रीत. पूल होण्यापूर्वी नावेत बसून पलीकडे जाताना आपले आजोबा एक गोष्ट हमखास सांगत : 'परमुलखात गेल्यावर आधी आपला माणूस शोधावा.' हा उपदेश खोटा नाही. त्याच्या जोरावर आपल्या कित्येक मुलांना परगावी पहिल्या रात्री डोके टेकायला जागा मिळाली. माझी चूक त्याच उपदेशातून झाली, म्हणून तो आरंभीच सांगून ठेवला.

माझा धाकटा मुलगा २०१८ च्या जानेवारीत उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील टेक्सास राज्यात गेला. त्याच वर्षी मी सेवानिवृत्त झालो. २०१९ मध्ये त्यास नोकरी लागली आणि मोटारीचा प्रश्न उभा राहिला. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की मोटार ही चैन आहे. आपल्याकडे ते काही अंशी खरेही आहे. परंतु टेक्साससारख्या प्रांतात वस्ती एकीकडे, कचेरी वीस मैलांवर आणि दुकान तिसरीकडे. मोठ्या शहरांच्या काही भागांत बस व आगगाडी असते. ती जेथे पोहोचत नाही तेथे पायी चालणाऱ्यासाठी रस्त्याच्या कडेला पायवाटही नसते. तेथे मोटार नसलेला मनुष्य म्हणजे पावसाळ्यात पूल नसलेल्या नाल्यापलीकडचा मनुष्य, असे समजावे.

आमच्या दूरच्या नात्यातील एक गृहस्थ त्याच राज्यात दुसऱ्या शहरी राहत असत. त्यांचे नाव मी घेणार नाही, कोणी तर्कही करू नये. त्यांच्याकडे एक मोटार विकाऊ होती. किंमत ६,८०० डॉलर. त्या वेळी डॉलर सुमारे ७० रुपयांचा होता, म्हणजे आपले पावणेपाच लक्ष रुपये झाले. त्यांपैकी दोन लक्ष मी माझ्या निवृत्तीच्या रकमेतून पाठवले. मुलाने मला दूरध्वनीवर विचारले, "बापू, इथे जुनी गाडी घेण्याआधी एखाद्या मिस्त्रीला पैसे देऊन तिची तपासणी करवून घेतात. मी करवून घेऊ का?" मी त्यास रागावलो. मी म्हणालो, "अरे, आपल्या माणसाच्या मोटारीवर परका मिस्त्री बसवणार काय? त्यांना काय वाटेल? असले काही विचारूही नकोस." मुलगा आज्ञाधारक निघाला. त्याने तपासणी केली नाही, काही विचारलेही नाही आणि पैसे मोजून गाडी घरी आणली.

चार महिन्यांनी गाडीचे दिवे आपोआप लागू-विझू लागले. मग खिडक्यांच्या काचा अडकल्या आणि एके दिवशी भर रस्त्यात यंत्र बंद पडले. मिस्त्रीने आसने काढली, खालचा गालिचा उचलला, तो खाली वाळलेला बारीक गाळ! आसनांचे खिळे गंजलेले आणि तारांच्या जोडांवर हिरवा गंज चढलेला. गाडी पुरात बुडालेली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये 'हार्वे' नावाचे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर येऊन ह्यूस्टन शहर व आसपासचा मुलूख जलमय झाला होता आणि त्यात लक्षावधी मोटारी पाण्याखाली गेल्या होत्या. आमची गाडी त्यांपैकीच एक. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीहून अधिक आला. विमा होता तो केवळ दुसऱ्याच्या नुकसानीचा, स्वतःच्या गाडीसाठी त्यातून एक पैसाही मिळणार नव्हता. अखेर भंगाराच्या भावाने ती द्यावी लागली.

मी त्या गृहस्थांना दूरध्वनी केला. त्यांनी शांतपणे सांगितले की त्यांनी ती लिलावात स्वस्तात घेतली, दुरुस्त केली आणि दीड वर्ष स्वतः चालवली. मग ते जे बोलले ते मी आजवर विसरलो नाही. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मुलाने विचारले असते तर मी सांगितले असते." बंधूंनो, ते खरे बोलत होते की नाही, हे परमेश्वर जाणे. न विचारता सांगणे हे त्यांचे कर्तव्य होते, असे माझे मत आजही आहे. परंतु मुलाने का विचारले नाही, याचे उत्तर मजपाशीच होते. त्याचे तोंड मी बंद केले होते. तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना 'शंका विचारा, विचारायला लाजू नका' असे सांगणाऱ्या शिक्षकाने आपल्या मुलाला मात्र ऐन वेळी विचारू दिले नाही. पुढे एका समारंभात त्या गृहस्थांचा सत्कार झाला आणि इतरांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर माझी पत्नी एवढेच म्हणाली, "गेलेला पैसा येईल, पण पोराला तुम्ही जे शिकवलेत ते आधी सुधारा."

विचार करता असे दिसते की आपले पूर्वज इतके भोळे नव्हते. बैलबाजारात बैल घेताना ते काय करीत? विकणारा चुलता असो वा मामा, बैलाचे दात मोजत, चालवून पाहत, मानेवर जुवाचा घट्टा पडला आहे की जखम आहे हे पाहत. रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणेने भाव ठरत असे आणि अखेर बाजाराची पावती फाडल्यावाचून बैल दावणीला येत नसे. यात कोणी अपमान मानीत नसे. दात मोजणे हा बाजाराचा धर्म होता. आपण शिकलो, शहरात गेलो आणि नेमका हा धर्म विसरलो. तेव्हा परदेशी मोटारीचे दात कोठे असतात आणि ते कसे मोजावेत, हे आता सांगतो.

पहिली गोष्ट गाडीच्या क्रमांकाची. १९८१ पासून तेथील प्रत्येक मोटारीस सतरा अक्षरांचा व अंकांचा एक क्रमांक असतो. तो समोरच्या काचेखाली व दाराच्या चौकटीवर कोरलेला किंवा चिकटवलेला असतो. दोन्ही ठिकाणचा क्रमांक आणि कागदावरील क्रमांक एकच आहे ना, हे आधी पाहावे. याच क्रमांकावरून गाडीचा पूर्वेतिहास निघतो. अमेरिकेत १९९२ च्या एका कायद्यान्वये मालकीपत्रांची राष्ट्रीय नोंदवही उभी राहिली. विमा कंपन्यांनी व भंगारवाल्यांनी मोडीत काढलेल्या गाड्यांची माहिती तीत देणे बंधनकारक आहे. थोड्या डॉलरांत त्या नोंदवहीचा उतारा मिळतो. शिवाय विमा कंपन्यांची गुन्हेविरोधी संस्था चोरीच्या व मोडीत काढलेल्या गाड्यांची चौकशी विनामूल्य करू देते. आमचे पावणेपाच लक्ष ज्या माहितीअभावी बुडाले, तिची किंमत आपल्याकडच्या एका जेवणाइतकीही नव्हती.

दुसरी गोष्ट मालकीपत्राची. तेथे त्यास 'टायटल' म्हणतात. आपल्या सातबाऱ्यावर जसा इतर हक्कांचा रकाना असतो, तसे या पत्रावर गाडीवरील कर्जाचा बोजा आणि तिचा दोष नोंदलेला असतो. गाडी मोडीत निघाली असेल तर 'सॅल्व्हेज', पुरात बुडाली असेल तर 'फ्लड' असा शिक्का त्यावर पडतो. परंतु राज्याराज्यांचे नियम भिन्न असल्याने काही लबाड लोक गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन तेथे शिक्का नसलेले कोरे पत्र मिळवतात. याला तेथे 'पत्र धुणे' अशा अर्थाचा शब्द आहे. म्हणून हातातील पत्र स्वच्छ दिसले तरी नोंदवहीचा उतारा वेगळा पाहावा. पत्रावर ज्याचे नाव आहे तोच मनुष्य समोर सही करीत आहे की नाही, तेही पाहावे. टेक्सासात खरेदीदार व विक्रेता या दोघांनी मिळून काउंटीच्या कर-कचेरीत जाणे उत्तम समजतात. तेथे खरेदीवर सव्वासहा टक्के कर भरून पत्र आपल्या नावे होते. ही कामे तीस दिवसांच्या आत उरकावी लागतात.

तिसरी गोष्ट हमीची. जुन्या मोटारींचा धंदा करणाऱ्याने गाडीच्या खिडकीवर एक छापील पत्रक लावले पाहिजे, असा तेथील मध्यवर्ती सरकारचा नियम १९८५ पासून अमलात आहे. त्या पत्रकावर हमी आहे की गाडी 'जशी आहे तशी' विकली जात आहे, हे लिहिलेले असते. 'जशी आहे तशी' या तीन शब्दांचा अर्थ असा की दाराबाहेर पडताच गाडी मोडली तरी खर्च तुमचा. खासगी मनुष्याकडून घेतलेल्या गाडीला हे पत्रकही नसते. आपल्या मुलांत एक समज पसरलेला आहे की खरेदी केल्यावर तीन दिवसांत वस्तू परत करता येते. दुकानात जाऊन घेतलेल्या मोटारीस तो नियम लागू नाही. सही झाली की झाली.

चौथी गोष्ट पतीची, म्हणजे उधारीच्या लौकिकाची. आपल्याकडे सिबिलचा आकडा ३०० ते ९०० असतो, तेथे प्रचलित आकडा ३०० ते ८५० असतो. आपला आकडा कितीही चांगला असला तरी सामान्यतः तो समुद्र ओलांडून जात नाही. नवा आलेला मनुष्य तेथील सावकाराच्या दृष्टीने जणू आजच जन्मलेला असतो आणि त्यास व्याज चढे पडते. अशा वेळी विक्रेता गोड शब्दांत विचारतो, "दरमहा किती भरू शकाल?" या प्रश्नाला उत्तर देऊ नये. फळ्यावर मांडण्याजोगे एक उदाहरण घेऊ. १२,००० डॉलरचे कर्ज सहा टक्के दराने अठ्ठेचाळीस महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २८२ डॉलर येतो आणि एकूण सुमारे साडेतेरा हजार फेडावे लागतात. तेच कर्ज चौदा टक्क्यांनी बहात्तर महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २४७ डॉलर, म्हणजे दरमहा पस्तीस डॉलर कमी. परंतु एकूण फेड सुमारे सतरा हजार आठशेची! लहान हप्ता मोठा खड्डा कसा खणतो, हे सातवीतील मुलासही समजेल, पण हिशेब करायला हवा. ज्यास थांबता येईल त्याने पहिली सहा-आठ महिने लहान रकमेचे उधारपत्र वापरून ती रक्कम दरमहा वेळेवर फेडावी आणि पत बांधावी. आणि कोणाच्या कर्जाला जामीन राहताना दहा वेळा विचार करावा. जामिनाची सही ही शिफारसपत्रावरची सही नव्हे. मूळ कर्जदाराने हप्ता चुकवला की तो जामिनाच्या नावावर चढतो.

पाचवी गोष्ट विम्याची व परवान्याची. टेक्सासात कायद्याने किमान विमा म्हणजे एका व्यक्तीच्या इजेसाठी तीस हजार डॉलर, एका अपघातातील सर्वांच्या इजेसाठी साठ हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी पंचवीस हजार. हे सर्व दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असते. स्वतःच्या गाडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. नव्या मनुष्यास हप्ता जड पडतो, म्हणून गाडीची किंमत ठरवण्यापूर्वीच विम्याचा भाव काढावा. परवान्याविषयी सांगायचे तर, आपल्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षाचा असतो आणि तो मूळ परवान्यासोबतच चालतो. टेक्सासात राहावयास गेलेल्या मनुष्यास आपल्या देशाचा परवाना नव्वद दिवसच पुरतो, नंतर तेथील परीक्षा द्यावी लागते. सुकाणू डावीकडे व रहदारी उजवीकडून, तेव्हा परीक्षेपूर्वी एखाद्या जाणत्याबरोबर सराव करणे इष्ट.

आता दुसरी हकीकत. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे गेलो. मधल्या काळात तो सहकाऱ्यांच्या गाडीतून ये-जा करी. कोरोनाच्या साथीनंतर सुट्या भागांच्या टंचाईने जुन्या गाड्यांचे भाव चढले होते. त्यात ती पूर्वीची धास्ती, म्हणून त्याने गाडी घेण्याचे लांबवले होते. आता घेण्याचे ठरले आणि पाहण्यास मीही गेलो. पहिली गाडी एका विक्रेत्याच्या अंगणात पाहिली. ती चकचकीत होती, आत सुवास दरवळत होता. नोंदवहीचा उतारा निष्कलंक होता. मुलाला ती पसंत पडली. मी आत बसलो आणि त्यास म्हणालो, "काचा लाव आणि पाच मिनिटे गप्प बैस." सुवास हळूहळू विरला आणि त्याच्या खालून एक कुबट वास वर आला.

तो वास मी ओळखत होतो. ऑगस्ट १९८६ मध्ये गोदावरीला महापूर आला तेव्हा मी नवा शिक्षक होतो. पाणी ओसरल्यावर शाळेची भिजलेली हजेरीपुस्तके आम्ही उन्हात वाळवली. शाई सुकली, कागद वाळला, पण तो वास कपाटातून पुढे कित्येक महिने गेला नाही. जुलै २०२२ च्या पुरानंतर आपल्या तालुक्यातील कित्येक घरांत तोच वास पुन्हा आला, हे येथे बसलेल्या पुष्कळांना सांगावयास नको. मी मुलाला म्हणालो, "ही गाडी नदीत राहून आली आहे." तो हसला आणि म्हणाला, "बापू, कागद स्वच्छ आहे." मी आसनाचा पट्टा मुळापर्यंत ओढून काढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची मळकट रेघ स्पष्ट उमटलेली होती. मागे जादा चाकाच्या खळग्यात बोट फिरवले तर गाळाचा कण बोटाला लागला. आम्ही नमस्कार करून निघालो.

कागद स्वच्छ कसा, हा प्रश्न मुलाला सतावीत राहिला. त्याचे उत्तर पुढे मिस्त्रीने दिले. ज्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचा विमाच नव्हता, ती बुडाली तरी विमा कंपनीकडे तक्रार जात नाही. तक्रार नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून शिक्का नाही. कागद न पाहणारा फसतो, आणि केवळ कागद पाहणाराही फसतो. म्हणून कागद, मिस्त्री आणि आपली पंचेंद्रिये, हे तिन्ही साक्षीदार एकमुखाने बोलले तरच पैसे मोजावेत.

तिसऱ्या ठिकाणी आम्ही एका वृद्ध अमेरिकन गृहस्थाकडे गेलो. गाडी टोयोटा कोरोला, नऊ वर्षांची, ७८ हजार मैल म्हणजे सुमारे सव्वा लक्ष किलोमीटर चाललेली. त्यांनी पहिल्या दिवसापासूनच्या तेल बदलल्याच्या पावत्या एका पुठ्ठ्याच्या फायलीत लावून ठेवल्या होत्या. माझ्या मुलाने चाचरत विचारले, "आम्ही मिस्त्रीकडून तपासणी करून घेतली तर चालेल काय?" ते म्हणाले, "न तपासता नेलीत तर मलाच काळजी लागेल." हे शब्द ऐकून मला मनातून लाज वाटली. ज्यांच्याशी नाते नाही, भाषा नाही, धर्म नाही, त्या मनुष्याने तपासणीस आदर मानले, आणि मी नात्याच्या नावाखाली तिला अपमान ठरवले होते. दीडशे डॉलर देऊन तपासणी झाली. पुढच्या चाकांचे ब्रेक झिजलेले निघाले, तेवढे पैसे त्यांनी आपण होऊन कमी केले. ११,५०० डॉलरला सौदा झाला. कर-कचेरीत ते स्वतः आमच्याबरोबर आले आणि तेथेच सही केली. ती गाडी अद्याप चालते आहे.

सर्वच मुले अमेरिकेस जात नाहीत. प्रत्येक देशाची रीत निराळी. जर्मनीत प्रवासी मोटारींची मुख्य तपासणी सामान्यतः दर दोन वर्षांनी होते आणि विम्याचा पुरावा दिल्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही. इंग्लंडात तीन वर्षांहून जुन्या गाडीची तपासणी दरवर्षी होते, मात्र तेथील नोंदणीपुस्तक हा मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून पैशांची पावती वेगळी घ्यावी. जपानात बहुतेक ठिकाणी गाडी उभी करण्याची जागा असल्याचा दाखला आधी द्यावा लागतो. सिंगापुरात तर गाडीपूर्वी तिचा दहा वर्षांचा हक्कच लिलावात घ्यावा लागतो. मुलांनो, जेथे जाल तेथील सरकारी परिवहन कचेरीचे माहितीपत्रक आधी वाचा, मग मित्राचा सल्ला ऐका. क्रम उलटा करू नका.

आणि हे सर्व सातासमुद्रापलीकडचे आहे, असे येथे राहणाऱ्यांनीही समजू नये. पूल झाल्यापासून पलीकडच्या तेलंगणातून जुन्या गाड्या आपल्याकडे सर्रास येतात. भाव स्वस्त, ओळखीचा मनुष्य, आणि कागद 'मागाहून देतो'. मोटार वाहन अधिनियम १९८८ असे सांगतो की परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची असेल तर तिची येथे पुन्हा नोंदणी केली पाहिजे, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. गाडीवर कर्ज असेल तर सावकाराचीही संमती हवी. हे प्रमाणपत्र नसताना घेतलेल्या गाडीचा अपघात झाला म्हणजे कागदोपत्री मालक कोण, यावर दोन घरे कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. असे घडलेले आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले आहे.

आता मंडळाविषयी. जातीची मंडळे कशासाठी असतात? अडल्यानडल्यास हात देण्यासाठी. परंतु हात देणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. आपल्यातील कित्येक वडीलधारे 'आपला माणूस आहे' एवढे सांगून व्यवहाराची चौकशी थांबवतात. मीही त्यांतलाच होतो. त्यामुळे होते काय, तर आपल्यातील प्रामाणिक मनुष्याचा लौकिक आणि अप्रामाणिकाचा लौकिक एकाच भावाने विकला जातो. तपासणीने प्रामाणिकाचे काही जात नाही, उलट त्याचा मान वाढतो. तिला भिण्याचे कारण फक्त दुसऱ्यालाच असते.

म्हणून माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, परदेशात असलेल्या आपल्या मुलामुलींकडून, प्रत्येकाने आपापल्या देशात घर, मोटार, विमा व कर्ज यांबाबत काय अनुभवले, ते एकेक पानाचे लिहून मागवावे आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावे. त्यात यश लिहावेच, पण फसगत आधी लिहावी. दुसरी, ज्ञातीतील दोघांत मोठी खरेदी-विक्री होत असेल तेथे मंडळाच्या कोणाही पदाधिकाऱ्याने शब्द टाकू नये. शब्द टाकायचाच असेल तर तो 'आधी तपासून घ्या' एवढाच असावा. तिसरी सूचना आईवडिलांना आहे. दहा हजार मैलांवरून मूल जेव्हा विचारते की मी हे तपासू का, तेव्हा उत्तर एकच द्यावे : तपास. त्या मुलाला आपण पैसे थोडे देऊ शकतो, ज्ञान त्याहून थोडे देऊ शकतो. विचारण्याची मुभा तरी पुरती द्यावी.

त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात आज राग नाही. त्यांनी न विचारता सांगितले नाही, हा त्यांचा दोष. मी विचारू दिले नाही, हा माझा. माझा दोष मी आज भर सभेत पदरात घेतला आहे. ते येथे असतील किंवा हे भाषण स्मरणिकेत वाचतील, तर त्यांच्या भागाचे काय करावयाचे ते त्यांनी ठरवावे. माझे घर त्यांना परके नाही, चहाला यावे.

ज्या मुलामुलींचा आज सत्कार झाला त्यांना शेवटी इतकेच सांगतो. परमुलखात आपला माणूस जरूर शोधा, त्याच्याकडे जेवा, सणावारी भेटा, आजारपणात त्याच्या उशाशी बसा. आणि त्याच्याकडून मोटार घेण्याची वेळ आली तर आधी गालिचा उचलून खाली पाहा. तो खरोखर आपला असेल तर गालिचा उचलायला तोच पुढे येईल.